मॅडम, तुमचं अक्षर छान आहे

असं म्हणून शहाण्णव साली
पहिल्या बैठकीची वही त्यांनी माझ्याकडे सरकवली.
तेव्हापासून मी लिहिते आहे:
कोण उपस्थित, कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिलं,
चहापानानंतर सभा संपली.
चहा कोणी सांगितला
ते इतिवृत्तात येत नाही.

आज अन्सारी पेंटर आलाय कुर्ल्याहून.
विभागप्रमुखांच्या खोलीबाहेरचा सागवानी फलक उतरवून
कॉरिडॉरमध्ये दोन स्टुलांवर आडवा ठेवलाय त्यानं.
"नाव द्या मॅडम, नेहमीसारखं, कागदावर."
या फलकावरची शेवटची पाच नावं
माझ्या अक्षरावरून रंगलीत.

माझं काम शैवालावर.
वांद्र्याचे खडक, ओहोटीचा जेमतेम दीड तास,
बादली, चाकू, ओला परकर.
समुद्र रजेचा अर्ज घेत नाही.
ज्या वर्षी ओहोटी सहा दहाला आणि
ईशाची शाळेची बस सहा चाळीसला होती
त्या वर्षीचे हुकलेले नमुने
कुठल्याच रकान्यात भरता आले नाहीत.

रकाने भरपूर होते तसे.
तक्रार निवारण समितीवर एक बाई हवी: मी.
सांस्कृतिकवर मी, रांगोळीच्या स्पर्धेला परीक्षक मी,
नॅकचे पाहुणे आले तेव्हा शाल-श्रीफळाचं तबक
साडेतीन भाषणं संपेपर्यंत धरून उभी मी.
तबकाला गुण नसतात.

मुलाखतीत फाईल उलटत एक जण म्हणाले,
"दोन हजार तीन ते सहा, काहीच दिसत नाही?"
एक बाळंतपण आणि सासूबाईंचं डायलिसिस, सर,
आठवड्यातून तीनदा, सायनला.
"आणि हे चार निबंध कुणा एस. गवाणकरचे का जोडलेत?"
ती मीच. लग्नाआधीची.
ते हसले. सगळेच हसले. मीही हसले,
त्याचंच अजून वाईट वाटतं.

माझ्यानंतर खारकर आत गेला.
दार नीट लागत नाही त्या खोलीचं.
त्याला विचारलं, जपानला वर्षभर होतात ना, कसा होता अनुभव?
त्या वर्षी घर कोणी सांभाळलं
हे नाही विचारलं.

खारकर माझा विद्यार्थी.
सडक्या शैवालाच्या वासानं पहिल्याच दिवशी
कार्टर रोडच्या कठड्यावर ओकलेला.
हुशार आहे. हे मी दात-ओठ खाऊन म्हणत नाही,
त्याची संदर्भसूची मी दोनदा तपासली होती, चूक सापडली नव्हती.
त्याची बायको ठाण्याला कॉलेजात शिकवायची.
शिकवायची.
मराठीत एवढ्याशा प्रत्ययात
केवढी नोकरी जाते.

मी कागदावर लिहून दिलं: डॉ. हृषीकेश खारकर.
अन्सारीचा ब्रश घाईत, षि ऱ्हस्व काढली त्यानं.
"दीर्घ आहे ती."
"कोण बघतंय मॅडम?"
"मी."
त्यानं टर्पेंटाइननं पुसलं, पुन्हा काढलं,
आणि मी उभी राहिले पांढरा रंग सुकेपर्यंत
माझ्या अक्षराच्या उंचीची ती वेलांटी बघत.

"आता दोनच ओळी उरल्यात," अन्सारी म्हणाला,
"मग नवा बोर्ड करायला लागेल. तुमचं कधी टाकायचं?"
सहज विचारलं त्यानं. इतक्या वर्षांत
या इमारतीत कोणी तसं सहज विचारलं नव्हतं.
माझे चौदा महिने उरलेत, खारकरची मुदत तीन वर्षं.
वनस्पतिशास्त्रवाल्यांनाही एवढी वजाबाकी येते.

"रेषा तर मारून ठेव," मी म्हटलं.
खडूच्या दोऱ्यानं त्यानं दोन रेषा मारल्या,
फुंकर घातली, फलक भिंतीवर टांगला.
थोडा डावीकडे कलला होता.
मी सांगितलं नाही.

उद्याची ओहोटी पाच पन्नासला.
घरातून आता कोणाचीही बस निघत नाही.
बादली मी आजच दाराशी काढून ठेवली आहे.